सीटीच्या फॉर्मवर सिकलचा रकाना हवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,


सिकलसेलच्या तपासणीचा निकाल ‘एएस’ आला की आपल्या आशाताई आणि समुपदेशक त्या माणसाला समजावून सांगतात : तुला आजार नाही, तू फक्त वाहक आहेस, लग्न ठरवताना जोडीदाराचे रक्त तपासून घे. हा सल्ला योग्य आहे आणि बहुतेक वाहकांना तो जन्मभर पुरतो. पण त्यांच्यातल्या फार थोड्यांना, तेही ऐन उमेदीच्या वयात, मूत्रपिंडाचा एक दुर्मीळ आणि झपाट्याने पसरणारा कर्करोग होतो. रीनल मेड्युलरी कार्सिनोमा हे त्याचे नाव. मी विदर्भात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. या कर्करोगाची शंका सीटी स्कॅनवर घेता येते. मात्र समोरचा रुग्ण सिकलचा वाहक आहे हे स्कॅन वाचणाऱ्याला ठाऊक नसेल, तर ती शंका मनात येणे अवघड असते. ही माहिती आपल्याच विभागाने घरोघरी जाऊन गोळा केली आहे, पण ती स्कॅनच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

भीती पसरावी असा माझा हेतू नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणे 20,000 ते 39,000 वाहकांमागे एखाद्याला हा कर्करोग होतो. तालुकाभर शोधूनही कदाचित एकही रुग्ण सापडणार नाही. पण ज्याला तो होतो त्याच्या हाती वेळ फार कमी असतो. निदान होते तेव्हा बहुतेकांचा रोग मूत्रपिंड ओलांडून लसिकाग्रंथींत किंवा फुप्फुसांत गेलेला असतो. केमोथेरपी मिळालेल्या रुग्णांच्या परदेशातल्या नोंदी पाहिल्या तरी निम्मे रुग्ण साधारण 13 महिन्यांच्या आत दगावलेले दिसतात.

हा एक वेगळा रोग आहे, हे कळायला 1995 साल उजाडावे लागले. वॉशिंग्टनच्या आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट ऑफ पॅथॉलॉजीत डेव्हिस, मोस्तोफी आणि सेस्टरहेन या पॅथॉलॉजिस्टनी वर्षानुवर्षे साठत गेलेल्या 34 रुग्णांच्या गाठी एकत्र अभ्यासल्या. रुग्ण 11 ते 39 वर्षांचे होते आणि जवळजवळ सगळ्यांच्या रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन होते. शस्त्रक्रियेनंतर ते सरासरी 15 आठवडे जगले होते. सिकलमुळे मूत्रपिंडाला होणारे सहा विकार तोवर माहीत होते; लघवीतून रक्त जाणे हा त्यातलाच एक. या तिघांनी त्या यादीत सातव्याची भर घातली. त्याच वर्षी डेव्हिडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात हा कर्करोग सोनोग्राफीवर आणि सीटीवर कसा दिसतो ते मांडले. त्यांनी टिपलेल्या खुणा आजही तितक्याच उपयोगी आहेत.

11 ते 39 हे वय ध्यानात घ्यावे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने तपासणीसाठी धरलेला वयोगट आहे 40 वर्षांपर्यंतचा. म्हणजे ज्यांना हा कर्करोग होऊ शकतो नेमक्या त्याच पिढीचे रक्त आपण सध्या तपासत आहोत. आपल्या राज्यात सिकल आहे, ही माहिती नवीनही नाही. नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले ते 1958 मध्ये. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत भिल्ल, पावरा, माडिया, परधान या समाजांत काही ठिकाणी शंभरात वीस ते पस्तीस माणसे वाहक आढळली आहेत. विदर्भात हा गुण आदिवासींपुरता राहिलेला नाही, हेही आपण जाणताच.

वाहकाच्या रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन निम्म्याहून कमी असते, म्हणून शरीरात इतरत्र त्याच्या तांबड्या पेशी धडधाकट राहतात. मूत्रपिंडाचा आतला भाग, मेड्युला, याला अपवाद आहे. तिथे प्राणवायू तुटपुंजा असतो, आम्लता जास्त असते आणि लघवी घट्ट करण्यासाठी तिथले क्षारांचे प्रमाण रक्ताच्या चौपटीपर्यंत चढते. या तिन्ही गोष्टी पेशीला विळ्याचा आकार घ्यायला लावणाऱ्या आहेत. त्यामुळे वाहकाच्याही मूत्रपिंडात, अगदी आतल्या बारीक वाहिन्यांत, पेशी वाकतात, अडकतात, तिथल्या ऊतींना पुन्हा पुन्हा इजा होते. या इजेच्या दुरुस्तीत कधीतरी 22 व्या गुणसूत्रावरचे एसएमएआरसीबी-वन नावाचे जनुक तुटते आणि पेशींच्या वाढीवरचा एक महत्त्वाचा लगाम सुटतो, असे आजचे संशोधन मानते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या वर्गीकरणात या कर्करोगाच्या नावातच त्या जनुकाचा उल्लेख केला आहे.

आता माझ्या कामाकडे येते. मूत्रपिंडाचा नेहमीचा, क्लिअर सेल प्रकारचा कर्करोग ओळखताना आम्हाला सहसा फार विचार करावा लागत नाही. तो बाहेरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये उगवतो, चेंडूसारखा गोल वाढतो, मूत्रपिंडाच्या कडेला फुगवटा आणतो आणि शिरेतून कॉन्ट्रास्टचे औषध दिल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात उजळून निघतो. मेड्युलरी कार्सिनोमाचे सगळे उलटे. तो मधोमध सुरू होतो आणि भोवतालच्या ऊतींत झिरपत जातो. मूत्रपिंड मोठे होते, पण त्याचा घेवड्याच्या दाण्याचा आकार मोडत नाही. वरवर पाहणाऱ्याला ते नुसते सुजलेले वाटते.

स्क्रीनवर अशा रुग्णाच्या उजव्या मूत्रपिंडाच्या वरच्या टोकापासून एकेक छेद खाली सरकवत गेले की आधी कॉर्टेक्सची पांढरी कड नीट दिसते. मध्यावर आल्यावर कॉर्टेक्स आणि मेड्युला यांच्यातली सीमारेषा पुसट होते. ज्या जागी त्रिकोणी, रेखीव भाग दिसायला हवेत तिथे कडा नसलेला करडा गोळा असतो, त्यात मेलेल्या ऊतींचे काळसर डाग. हा भाग कॉन्ट्रास्ट जेमतेम घेतो. मूत्रपिंडाच्या कुशीतली चरबी, जी सीटीवर एरवी स्वच्छ काळी दिसते, ती भरून गेलेली असते. कॅलिसेस, म्हणजे लघवी गोळा करणारे छोटे पेले, फुगलेले. पण ते ज्यात उघडतात तो पेल्व्हिस मात्र फुगलेला नाही, उलट गाठीने आवळलेला. मुतखड्याने किंवा खालच्या अडथळ्याने लघवी तुंबली तर पेल्व्हिसही फुगतो, म्हणून ही खूण मला विशेष मोलाची वाटते. ती सोनोग्राफीवरही दिसू शकते. मग नजर महाशिरेकडे जाते आणि तिच्या बाजूला वाढलेल्या लसिकाग्रंथी सापडतात. गाठ छोटी दिसते आणि ग्रंथी तिच्या मानाने मोठ्या, असेही घडते.

कॉन्ट्रास्ट दिल्यानंतर स्कॅन कोणत्या क्षणी घेतला याला इथे फार महत्त्व आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटात निरोगी मेड्युलाही काळसरच दिसतो, कारण औषध तिथवर पोहोचलेलेच नसते. लहान गाठ त्या काळोखात लपून जाते. साधारण दीड मिनिटाने सगळे मूत्रपिंड सारखे उजळते आणि न उजळलेला तुकडा उठून दिसतो. आणि कॉन्ट्रास्ट दिलाच नाही तर? मग गाठ आणि मूत्रपिंड जवळपास एकाच करड्या छटेत मिसळून जातात.

आपल्याकडे नेमके हेच होत असते. फॉर्मवर लिहिलेले असते : वय 19, पुरुष, लघवीतून रक्त, उजव्या कुशीत दुखणे, मुतखडा आहे का पाहावे. खडा शोधायला कॉन्ट्रास्ट लागत नाही, म्हणून साधा सीटी होतो. रिपोर्ट येतो की खडा नाही, उजवे मूत्रपिंड किंचित मोठे आहे, जंतुसंसर्ग असू शकेल. प्रतिजैविके सुरू होतात. ताप आणि दुखणे राहिलेच, वजन उतरले, तर पुढची शंका क्षयाची. आपल्या देशात तिशीच्या आतल्या माणसाच्या मूत्रपिंडात अशी विस्कटलेली रचना दिसल्यावर क्षयाचा विचार आधी येणे स्वाभाविक आहे; मूत्रपिंडाच्या क्षयातही कॅलिसेस वेडेवाकडे फुगतात. क्षयाच्या औषधांचा गुण येतो का हे पाहण्यात महिने जातात. या साखळीतल्या प्रत्येक डॉक्टरने त्याच्या हाती असलेल्या माहितीनुसार बरोबरच पाऊल टाकलेले असते. माहितीचा एक तुकडा मात्र रुग्णाच्या घरी, ट्रंकेत ठेवलेल्या सिकल तपासणीच्या कार्डावर असतो.

दूरवाचनाच्या सोयीने ही दरी आणखी वाढली आहे. ग्रामीण भागात रेडिओलॉजिस्ट मिळत नाहीत, म्हणून स्कॅन जिल्ह्यात होतो आणि तो वाचणारा डॉक्टर दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या राज्यात बसलेला असतो. ही सोय आवश्यक आहे, तिच्यामुळे अनेकांचे जीव वाचतात. पण रुग्ण धडगावचा की एटापल्लीचा, कोणत्या समाजाचा, घरात कुणाला सिकल आहे का, यातले काहीच त्या डॉक्टरला कळायला मार्ग नसतो. त्याच्या पुढ्यात येते ते वय, लिंग आणि फॉर्मवरचे चार शब्द.

वाहकाच्या लघवीतून रक्त गेले म्हणजे कर्करोग झाला असे मुळीच नाही. बहुतेक वेळा ते आतल्या बारीक वाहिन्यांच्या इजेमुळे जाते आणि विश्रांती, भरपूर पाणी यांनी थांबते. असा निरुपद्रवी रक्तस्राव बहुतांश रुग्णांत डाव्या मूत्रपिंडातून होतो. मेड्युलरी कार्सिनोमा मात्र जवळजवळ तीन-चतुर्थांश रुग्णांत उजव्या बाजूला आढळला आहे. हा काही नियम नव्हे. डावीकडेही गाठ होते. पण वाहक तरुण, उजव्या बाजूचे दुखणे आणि लघवीतून रक्त, असे तिन्ही एकत्र आले तर मी कॉन्ट्रास्टशिवाय स्कॅन पुरेसा मानणार नाही. फॉर्मवर ‘एएस’ ही दोन अक्षरे असतील तर स्कॅन कसा घ्यायचा हे तंत्रज्ञ मला आधीच विचारील. माझे म्हणणे इतके साधे आहे.

रोग ओळखून उपयोग काय, उपचार तर नाहीत, असे म्हणणारे मला भेटले आहेत. ते खरे नाही, आणि या मुद्द्यावर मी आपला थोडा अधिक वेळ घेते. मूत्रपिंडाची गाठ नेहमीच्या कर्करोगाची वाटली तर अनेकदा बायोप्सी न करताच मूत्रपिंड काढले जाते, आणि रोग पसरलेला असेल तर रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या सुनीटिनिबसारख्या गोळ्या दिल्या जातात. मेड्युलरी कार्सिनोमावर या गोळ्या एकट्या जवळपास निष्प्रभ ठरतात. शस्त्रक्रियेच्या जखमा भरेपर्यंत थांबलेले आठवडेही महाग पडतात. म्हणून आज तज्ज्ञांचा सल्ला असा आहे की आधी बायोप्सी करावी, लगेच केमोथेरपी सुरू करावी आणि गाठ आकसली तर नंतर मूत्रपिंड काढावे. त्यासाठीची कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही औषधे जुनी, सर्वत्र मिळणारी, जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतली आहेत. म्हणजे स्कॅनवर आलेली शंका उपचारांचा क्रमच बदलते. गाठ मूत्रपिंडापुरती असताना सापडलेले आणि पुढे कितीतरी वर्षे जगलेले रुग्ण नोंदले गेले आहेत. ते थोडे आहेत, पण आहेत.

सीटीवरून आम्ही शंका घेऊ शकतो, शिक्कामोर्तब पॅथॉलॉजिस्टचे. बायोप्सीच्या तुकड्यावर आयएनआय-वन या प्रथिनाचा रंग चढवतात. निरोगी पेशींची केंद्रके रंगतात, या कर्करोगाच्या पेशींची रंगत नाहीत, कारण ते प्रथिन तयार करणारे एसएमएआरसीबी-वन जनुकच निकामी झालेले असते. हा रंग प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात ठेवावा असा माझा आग्रह नाही. पॅराफिनमध्ये बसवलेला तुकडा साध्या तापमानात टिकतो, टपालाने पाठवता येतो. राज्यात एक-दोन ठिकाणी ही सोय सरकारी खर्चाने मिळेल असे ठरवून तसे कळवले, तरी गडचिरोलीच्या रुग्णाचे काम होईल.

भारतातून या कर्करोगाच्या नोंदी तुरळकच आल्या आहेत. आपल्याकडे तो खरोखरच कमी होत असेल, किंवा क्षय, पू झालेला संसर्ग, ‘प्रकार न कळलेला कर्करोग’ अशा नावांखाली दडलेला असेल. देशभरात राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत आजवर सापडलेले वाहक 15 लाखांच्या वर आहेत. अमेरिकेतला अंदाज जसाच्या तसा लावला तर एवढ्या लोकांत साधारण 40 ते 75 रुग्ण होतात. हा आकडा छोटा आहे, हे मी मान्य करते. पण ते चाळीस असोत की चार, शोधण्यासाठी नवे यंत्र, नवी इमारत, नवे पद, काहीच लागत नाही. तपासणी झालेली आहे, निकाल मोहिमेच्या पोर्टलवर चढलेला आहे, कार्ड छापलेले आहे.

मग करायचे काय? सीटी आणि सोनोग्राफीच्या सरकारी फॉर्मवर एक रकाना छापावा : सिकल तपासणी एए (सिकल नाही), एएस (वाहक), एसएस (आजार) की झालेली नाही. दूरवाचनाच्या करारांत हा रकाना भरल्याशिवाय स्कॅन पुढे पाठवता येऊ नये, अशी अट घालावी. यात एक अडचण आपल्याच पातळीवर सुटू शकेल. प्राथमिक आरोग्य केंद्रे आपल्या विभागाकडे आहेत, तर वैद्यकीय महाविद्यालये, म्हणजे जिथे मोठे स्कॅन, बायोप्सी आणि केमोथेरपी होते ती, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. सिकलचे कार्ड पहिल्या विभागाचे आणि स्कॅनचा फॉर्म दुसऱ्याचा. दोन्ही विभागांचे संयुक्त परिपत्रक निघाले तरच हा रकाना दोन्हीकडे येईल.

दुसरी विनंती कार्डाबद्दल आहे आणि तिथे शब्द जपून वापरायला हवेत. वाहकाच्या कार्डावर कर्करोग हा शब्द नको. मुलगी ‘सिकलवाली’ आहे म्हणून स्थळ परत गेल्याच्या गोष्टी आपल्या समुपदेशकांना रोज ऐकाव्या लागतात. त्यात हा शब्द पडला तर लोक तपासणीलाच येणार नाहीत, आणि एका दुर्मीळ रोगापायी सगळ्या मोहिमेचे नुकसान होईल. कार्डावर एवढेच असावे : लघवी लाल झाली तर दवाखान्यात जा आणि हे कार्ड दाखवा. गोंडी, माडिया, भिली, पावरी या बोलींतही ते तोंडी सांगावे, कारण कार्ड वाचता न येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. उरलेले काम डॉक्टरांचे. लाल लघवीची तक्रार घेऊन वाहक आला तर आधी सोनोग्राफी, रक्त थांबले नाही किंवा सोनोग्राफीत काही वेगळे दिसले तर कॉन्ट्रास्टसह सीटी, हे सिकल कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत एका परिच्छेदात बसेल. अशा रुग्णाला केवळ क्षयाच्या शंकेवरून, काहीही पुरावा नसताना, महिनोन्महिने औषधांवर ठेवू नये, हेही तिथे लिहावे.

आशाताईंवर नवा बोजा टाकावा असे मला वाटत नाही. त्यांच्याकडे आधीच खूप कामे आहेत. कार्ड देताना एक वाक्य जास्त बोलावे, यापलीकडे त्यांच्याकडून काही नको. रेडिओलॉजिस्टांचे प्रशिक्षण आमच्या संघटना आणि महाविद्यालये करू शकतात. दोन तासांच्या सत्रात नेहमीच्या आणि या दुर्मीळ कर्करोगाचे स्कॅन शेजारी शेजारी ठेवून दाखवले तरी नजर तयार होते. विदर्भात आणि खानदेशात असे सत्र घ्यायला मी तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी बरेच जण तयार होतील याची मला खात्री आहे.

फॉर्मच्या रकान्याचा आणि कार्डावरच्या ओळीचा मसुदा या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवला आहे. कार्डांची पुढची छपाई होण्याआधी त्यावर निर्णय व्हावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
विदर्भातील एक रेडिओलॉजिस्ट